‘ओटी’ की ओटीटी? एका रेडिओ-स्पॉटची उलटतपासणी

प्रकरण असं आहे. मध्यम खर्चाचा एक कौटुंबिक मराठी चित्रपट शुक्रवार, ३० ऑक्टोबरला लागणार आहे. नाव ‘ओटी’. मुंबई, पुणे, नाशिक आणि कोल्हापूर या चार शहरांतल्या मिळून सहा खासगी एफएम केंद्रांवर जाहिरात करायचं ठरलं आहे: १० दिवस, रोज ८ वेळा, ३० सेकंदांचा एकच स्पॉट. म्हणजे केंद्रामागे २,४०० सेकंद. स्पॉट तयारही आहे. दोन मिनिटांच्या ट्रेलरचा आवाज उचलला, कापून ३० सेकंदांत बसवला आणि शेवटी निवेदकाकडून नाव-तारीख वदवून घेतली. चित्रपट आणि त्याचं नाव इथे उदाहरणासाठी बनवलेलं आहे. अडचणी मात्र नेहमीच्याच आहेत.

स्पॉट केंद्राकडे पाठवण्याआधी एक चाचणी करायची असते. ज्यांनी ट्रेलर पाहिलेला नाही अशा चार-पाच जणांना चालत्या गाडीत, काच थोडी खाली करून, दोन गाण्यांच्या मध्ये तो एकदाच ऐकवायचा. पुढचं गाणं संपलं की विचारायचं: कशाची जाहिरात होती, नाव काय, कधी आणि कुठे? स्टुडिओतल्या मोठ्या स्पीकरवर, पाचव्यांदा ऐकताना, सगळं कळतंच. या स्पॉटवर गाडीत येणारी उत्तरं न विचारताही सांगता येतील. ‘कुठली तरी मालिका.’ ‘ओटीटीवर काही तरी येतंय.’ ‘तारीख? सांगितली होती का?’

स्पॉट सेकंदागणिक उघडून पाहू.

पहिली ७ सेकंदं व्हायोलिन. ट्रेलरमध्ये त्या सुरांवर पावसातला वाडा दिसतो आणि पाहणारा थांबतो. रेडिओवर आधीचं गाणं नुकतंच संपलेलं असतं. त्यामुळे हे व्हायोलिन त्याच गाण्याचं शेपूट वाटतं किंवा पुढच्या गाण्याची सुरुवात. जाहिरात सुरू झाली हे कळेपर्यंत पावभर वेळ गेलेला असतो.

७ ते १० सेकंद: मुलीचा आवाज, ‘आई, हे काय आहे?’ आणि मग शांतता. ट्रेलरचा सगळा जीव या जागी आहे. मुलगी ट्रंक उघडते, आत एकच खण आणि वाळलेला नारळ, आई नजर वळवते. पडद्यावर हे तीन सेकंदांत पोचतं. रेडिओवर तिथे काहीच नाही. एफएमवर दीड-दोन सेकंदांची शांतता म्हणजे ऐकणाऱ्याला सिग्नल गेल्याची शंका, आणि हात बटणाकडे.

१० ते २० सेकंद: चार पात्रांची चार वाक्यं, एकमेकांवर चढलेली, मध्येच रुग्णवाहिकेचा सायरन. कोण कुणाला बोलतंय हे चेहऱ्यांवरून कळत होतं. चेहरे गेले की उरतो तो भांडणाचा गलका. तो सायरन तर तांत्रिकदृष्ट्याही अडतो. खासगी एफएमला परवान्याच्या अटींनुसार आकाशवाणीची कार्यक्रम आणि जाहिरात संहिता पाळावी लागते. ऐकणाऱ्याला दचकवणारे ध्वनी त्या संहितेला चालत नाहीत: गोळीबाराच्या फैरी, सायरन, बाँबस्फोट, किंकाळ्या, अगदी गडगडाटी हास्यसुद्धा. दक्ष केंद्र असा स्पॉट परत पाठवतं, आणि तोही बहुधा प्रसारणाच्या आदल्या संध्याकाळी. मारधाडीच्या चित्रपटांना हे अगोदरच माहीत असतं. कौटुंबिक चित्रपटवाले बेसावध सापडतात.

२० ते २६: गाणं. त्याचं पुढे.

२६ ते ३०: ‘ओटी तीस ऑक्टोबरपासून आपल्या जवळच्या चित्रपटगृहात.’ हे वाक्य घाईत म्हणून पाहा. ओटी-ती... पुढचा ‘स’ गाडीच्या आवाजात विरला की कानाला ‘ओटीटी’च ऐकू येतं. चित्रपटगृहात या म्हणून केलेली जाहिरात घरी बसून पाहा असं सांगते. कागदावर ही चूक सापडत नाही, कारण कागदावर ‘ओटी’भोवती अवतरणचिन्हं आणि मोठा टाइप असतो. दोन अक्षरी नावं रेडिओला एरवीही जड जातात. ‘वाट’ हे नाव वात, वाद, बात यांपैकी काहीही होऊन पोचू शकतं. नाव बदलणं आता शक्य नसतं, पण नावाच्या मागेपुढे कोणता शब्द येतो हे आपल्या हातात असतं.

ट्रेलर वाईट आहे असं यातून निघत नाही. तो डोळ्यांसाठी केला आहे. नाव, तारीख, कलाकार ही माहिती ट्रेलर अक्षरांत देतो. आवाज कापून घेतला की ती गळते. मग प्रश्न असा, की हे लक्षात कसं येत नाही? चित्रपटांच्या जाहिराती रेडिओवर काल-परवा सुरू झालेल्या नाहीत.

पंधरा मिनिटांचा काळ

१९५२ साली बा. वि. केसकर माहिती व नभोवाणी मंत्री झाले आणि आकाशवाणीवर चित्रपटगीतांना जवळपास दार बंद झालं. ती जागा श्रीलंकेतल्या रेडिओ सिलोननं घेतली. तिथला हिंदी गाण्यांचा साप्ताहिक कार्यक्रम, बिनाका गीतमाला, त्याच वर्षी सुरू झाला. निवेदक अमीन सायानींचे कार्यक्रम मुंबईत ध्वनिमुद्रित होत, टेप विमानानं कोलंबोला जात आणि तिथून लघुलहरींवर भारतात परत येत. लघुलहरींवरचा आवाज लाटेसारखा वरखाली होतो. एखादा शब्द बुडाला तर बुडाला. म्हणून निवेदक ठासून आणि सुटं सुटं बोलायचे, आणि चित्रपटाचं नाव पुन्हा पुन्हा यायचं. पुढे लोकांना जी ‘शैली’ वाटली तिचं एक मूळ या तांत्रिक गरजेत आहे. प्रत्येक गाण्यासोबत चित्रपट, गायक, संगीतकार यांची नावं सांगायची पद्धतही होतीच. त्यामुळे वाजणारं प्रत्येक गाणं ही त्या चित्रपटाची जाहिरातच असायची.

विविध भारती ३ ऑक्टोबर १९५७ला सुरू झाली, तरी जाहिराती यायला १ नोव्हेंबर १९६७ उजाडला. व्यापारी सेवेची सुरुवात झाली ती मुंबई, पुणे आणि नागपूर या केंद्रांवर. पहिली तिन्ही शहरं महाराष्ट्रातली! मराठी निर्मात्याच्या दृष्टीनं याचा अर्थ फार सोपा होता: चित्रपट जिथे लागणार, नेमक्या तिथेच जाहिरात वाजवता येऊ लागली. सिलोनवर ती सोय नव्हती. तिथे अख्ख्या उपखंडाला ऐकवावं लागे.

नंतरच्या वर्षांत प्रायोजित कार्यक्रम आले, आणि १५ मिनिटांचा रेडिओ प्रोग्राम हा चित्रपट-जाहिरातीचा ठरलेला साचा झाला. प्रदर्शनाआधी आठवड्याला एक. त्याची बांधणी समजून घेण्यासारखी आहे, कारण ‘ओटी’च्या स्पॉटमध्ये जे जे हुकलं आहे ते तिथे होतं. सुरुवातीलाच नाव, तेही गाण्याच्या मुखड्यावर. मग निवेदक दोन-तीन वाक्यांत माणसं ओळखीची करून देई: कोण कुणाचा भाऊ, भांडण कशावरून. त्यानंतरच संवाद. म्हणजे आवाज कानावर पडायच्या आधी त्याचा मालक ठाऊक असे. प्रसंग ऐन टोकाला पोचला की गाण्याचा एक अंतरा, पुन्हा नाव. कधी नायक-नायिकेशी दोन शब्द. गोष्ट अर्ध्यावर सोडून ‘पुढे काय झालं ते पडद्यावर पाहा’. या साच्याला पुष्कळ नावं ठेवता येतील. तो भाबडा होता, लांबड लावणारा होता, आणि शेवटी शेवटी सगळे प्रोग्राम एकाच आवाजात, एकाच चढउतारात येऊ लागले. पण न दिसणारी गोष्ट दाखवायची कशी, हा प्रश्न त्यानं सोडवला होता.

कारागिरीही तशीच होती. साडेसात इंच प्रति सेकंद या वेगानं १५ मिनिटांना सुमारे ५६० फूट टेप लागते. संवादाचा तुकडा पुढेमागे करायचा तर ब्लेडनं टेप कापायची आणि चिकटपट्टीनं जोडायची. त्यामुळे काय कापायचं ते आधी कागदावर ठरे. कानावर काय पडणार याचा विचार संहितेतच व्हायचा. संवाद तेव्हा स्वतंत्रपणे विकलेही जात. ‘शोले’च्या संवादांची तबकडी गाण्यांच्या तबकडीसारखी वाजली ती याच ऐकणाऱ्या पिढीत.

हे सगळं एका गृहीतकावर उभं होतं: ऐकणारा बसलेला आहे. रेडिओ घरात, वेळ ठरलेली, कान तिकडे. ते गृहीतक एका दिवसात ढासळलं नाही. १ जानेवारी १९७६पासून दूरदर्शनवर जाहिराती आल्या. नव्वदच्या दशकात उपग्रह वाहिन्यांवर चित्रपटाची गाणी दिवसभर दिसू लागली आणि ‘ऐकून कल्पना करा’ असं सांगण्याची गरज संपली. गीतमाला १९८९ साली विविध भारतीवर आली, पण तोवर घरातली मोक्याची जागा टीव्हीनं घेतली होती. १९९३पासून आकाशवाणीनं एफएमवरचे वेळेचे तुकडे खासगी कंपन्यांना विकले. २००१ साली बंगळुरूत पहिलं खासगी एफएम केंद्र सुरू झालं, मग मुंबई-पुण्यात, आणि रेडिओ बैठकीच्या खोलीतून गाडीत आणि मोबाइलमध्ये गेला.

इथे एक हिशेब मांडून बघावा. आठवड्याला एक याप्रमाणे १५ मिनिटांचे चार प्रोग्राम म्हणजे ३,६०० सेकंद. ‘ओटी’ची सहा केंद्रांवरची मूळ खरेदी २,४०० गुणिले ६, म्हणजे १४,४०० सेकंद. शहरं वेगळी असल्यानं एका माणसाच्या वाट्याला यातलं फार थोडं येईल हे खरं, तरी रेडिओवर आता ‘वेळच मिळत नाही’ ही तक्रार टिकत नाही. वेळ मिळतो, पण तुकड्यांत. पूर्वी ऐकणारा कार्यक्रमाकडे यायचा, आता जाहिरात त्याच्या वाटेत येते. म्हणून १५ मिनिटांत जे एका ओळीनं सांगितलं जाई, ते आता दोन आठवड्यांच्या तुकड्यांत वाटून द्यावं लागतं: आधी माणसं, मग प्रसंग, मग नाव-तारीख. ‘ओटी’च्या स्पॉटनं सगळं एकाच तुकड्यात कोंबलं, आणि तोच तुकडा ८० वेळा वाजवायचा बेत केला. त्यात कापण्याच्या चुकांपेक्षा हीच चूक मोठी आहे.

नवा स्पॉट

एकाऐवजी तीन लांबीचे स्पॉट करायचे: ४०, २० आणि १० सेकंदांचे. एफएमवर दर १० सेकंदांच्या हिशेबानं असतो, त्यामुळे ३५ सेकंदांचा स्पॉट करण्यात काही मिळत नाही. ४० म्हणजे ४० नेमके. ४०.६ झाला तर तो पुढच्या टप्प्यात मोजला जाऊ शकतो, किंवा केंद्राचा माणूस शेवटचा अर्धा सेकंद उडवून देतो, आणि शेवटी बहुधा आपली तारीख असते.

शब्दांचा अंदाज असा धरावा: समजेल अशा गतीनं मराठी बोललं तर सेकंदाला दोन, फार तर अडीच शब्द. ४० सेकंदांत गाणं आणि ध्वनी मिळून ८-९ सेकंद गेले, तर पन्नास-साठ शब्दांपलीकडे जाऊ नये. १० सेकंदांत वीस शब्द ही वरची हद्द. बहुतेक संहिता इथेच फसतात: निर्मात्याला सगळ्या कलाकारांची नावं हवी असतात, मग निवेदक धावतो आणि ‘नियम व अटी लागू’ वाचल्यासारखं सगळं एका दमात जातं. दोन नावं. तिसरं हवं असेल तर त्याच्यासाठी वेगळा स्पॉट.

‘ओटी’चा ४० सेकंदांचा मसुदा:

(पत्र्याच्या ट्रंकेची कडी. झाकण करकरतं.)
मुलगी: आई, ही ट्रंक रिकामी आहे.
आई: रिकामी कुठे, बाळा? नीट बघ.
मुलगी: एक खण... नारळ... वाळलाय गं पार.
आई: तुझ्या आजीनं भरलेली ओटी आहे ती. मी घेतली नव्हती.
(गाण्याची ओळ, ६ सेकंद.)
निवेदक: ओटी. खणानारळाची ओटी. आजीनं भरली, आईनं घेतली नाही. आता नात विचारते आहे. मराठी चित्रपट ‘ओटी’. येत्या शुक्रवारपासून नव्हे, त्याच्या पुढच्या शुक्रवारी. तीस ऑक्टोबर. चित्रपटगृहात.

निवेदकाचं शेवटून तिसरं वाक्य पहिल्याच वाचनात कापायचं. वीस-एकवीस तारखेला ते अचूक असेल, पण ऐकणारा ‘येत्या शुक्रवारपासून’ एवढंच घेऊन जाईल. नकार कानाला नीट ऐकू येत नाही. याच कारणानं ‘ओटीटी नव्हे, ओटी!’ ही कोटी करायचा मोह टाळावा. चमकदार आहे, पण त्यात पहिला शब्द ओटीटी आहे. अंतिम ओळ अशी: ‘मराठी चित्रपट ओटी. शुक्रवार, तीस ऑक्टोबरपासून. चित्रपटगृहात.’ ‘ओटी’ आणि ‘तीस’ यांच्यामध्ये ‘शुक्रवार’ उभा राहिला की दोन्ही एकमेकांत मिसळत नाहीत. आणि ‘खणानारळाची’ हा शब्द नावाचा अर्थ इतका पक्का करतो की पुढे १० सेकंदांच्या स्पॉटमध्येही तो सोडायचा नाही.

मसुद्यातल्या आणखी काही गोष्टी मुद्दाम केलेल्या आहेत. आई आणि मुलगी, दोन्ही बायकांचे आवाज, पट्टी जवळजवळ सारखी. पहिल्याच शब्दात ‘आई’ आणि दुसऱ्या वाक्यात ‘बाळा’ आल्यामुळे कोण कोण ते ठरून जातं. ट्रंकेचा आवाज नुसता ठेवला तर दार, कपाट, लोखंडी खाट, काहीही वाटू शकतं. म्हणून तो झाल्यावर दोन सेकंदांच्या आत ‘ट्रंक’ हा शब्द येतो. ध्वनी आणि त्याचं नाव जोडीनं जायला हवं. जुन्या नभोनाट्यवाल्यांना हे सांगावं लागत नसे. ट्रेलरमधली शांतताही उरली आहे, पण ती ‘खण... नारळ...’ या तुटक बोलण्यात, अर्ध्या-अर्ध्या सेकंदाच्या तुकड्यांत आहे.

हे संवाद चित्रपटात असे नसतात. तिथे मुलगी ‘आई, हे काय आहे?’ एवढंच विचारते, पुढे नुसती बघते. म्हणून दोन्ही अभिनेत्रींना अर्ध्या दिवसासाठी डबिंग स्टुडिओत बोलावून स्पॉटपुरते संवाद नव्यानं घ्यायचे. करारात प्रसिद्धीसाठीच्या डबिंगचं कलम नसेल तर ते आत्ता आठवतं, आणि तारखा मिळत नाहीत. तसं झालं तर दुसऱ्या कुणाचा आवाज नायिकेचा म्हणून वापरू नये. निवेदकाकडून प्रसंग सांगून घ्यावा.

ध्वनीचं काम

ट्रेलरचा तयार मिक्स वापरायचा नाही. ध्वनिमुद्रकाकडून संवाद, संगीत आणि इफेक्ट्स हे तीन वेगवेगळे ट्रॅक मागायचे. ट्रेलर बहुधा ५.१ या अनेक स्पीकरांच्या पद्धतीत मिक्स झालेला असतो: संवाद मधल्या स्पीकरमध्ये, संगीत डावी-उजवीकडे आणि मागे. तो दोन चॅनलमध्ये दुमडला की सगळीकडचं संगीत संवादावर येऊन बसतं. मग आवाज कमीजास्त करून काही होत नाही, कारण दोन्ही एकाच फाइलमध्ये शिजलेले असतात.

नव्या मिक्समध्ये बोलण्याखालचं संगीत बोलण्यापेक्षा निदान १२ डेसिबल खाली ठेवावं. ते अगदीच हळू वाटलं तरी चालेल, कारण केंद्राचा प्रोसेसर हळू आवाज वर ओढतो आणि मोठा आवाज दाबतो. तुम्ही ठेवलेलं अंतर हवेत गेल्यावर कमीच होणार. ८० हर्ट्झखालचं सगळं काढून टाकावं. गाडीत ते नुसतं घुमतं आणि प्रोसेसरला विनाकारण दाबायला लावतं. मग स्पॉट मोनो करून ऐकायचा. सिग्नल कमजोर झाला की कार रेडिओ स्टीरिओ सोडून मोनोकडे सरकतो. डावी-उजवीकडे उलट्या फेजमध्ये (एकीकडची ध्वनिलहर दुसरीकडच्या बरोबर उलट) पसरवलेलं वाद्य किंवा आवाज तेव्हा चक्क गायब होतो. घाटात आणि उंच इमारतींच्या मध्ये हे रोज घडतं. शेवटी मोबाइलच्या छोट्या स्पीकरवर. ट्रंकेचं करकरणं तिथे ऐकू आलं, तर बाकी काळजी नाही.

विविध भारतीसाठीही स्पॉट जाणार असेल आणि तिथे तो मध्यमलहरींवर वाजणार असेल, तर वेगळी प्रत करावी. मध्यमलहरींवर साडेचार-पाच किलोहर्ट्झच्या वरचा आवाज जवळपास पोचतच नाही. एफएमवर १५ किलोहर्ट्झपर्यंत पोचतो. पत्र्याची खणखण मध्यमलहरींवर मंद होते; ‘स’ आणि ‘श’ बोथट होतात. ‘तीस’ला जपायचं असेल तर निवेदकाला ‘शुक्रवार’नंतर श्वास घ्यायला लावायचा.

गाण्याच्या सहा सेकंदांची परवानगी हा वेगळाच घोळ. संगीताचे हक्क निर्मात्यानं म्युझिक कंपनीला विकलेले असतात. केंद्राकडे गाणी वाजवण्याचा परवाना असतो, तो कार्यक्रमात गाणं वाजवण्यासाठी. जाहिरातीच्या स्पॉटमध्ये गाणं वापरण्याची परवानगी जाहिरातदारानं आणायची असते. करारात प्रसिद्धीसाठी वापराचं कलम असेल तर एका ईमेलचं काम, नसेल तर आठवडा जातो.

पूर्ण गाणं कार्यक्रमात वाजणं ही त्याहून मोठी गोष्ट. गाण्यांच्या रॉयल्टीवरून म्युझिक कंपन्या आणि एफएम केंद्रं अनेक वर्षं भांडली. ऑगस्ट २०१०मध्ये कॉपीराइट बोर्डानं ती २०२०पर्यंतसाठी निव्वळ जाहिरात-उत्पन्नाच्या २ टक्के ठरवली, आणि गाणं वाजवणं केंद्रांना पुष्कळ स्वस्त झालं. गाणी भरपूर वाजतात, पण एफएमवर गाण्याआधी किंवा नंतर चित्रपटाचं नाव सांगण्याची पद्धत पातळ झाली आहे. गाणं लोकांच्या तोंडी बसतं आणि ते कुठल्या चित्रपटातलं हे कुणालाच माहीत नसतं. म्हणून ‘ओटी’च्या गाण्यापुढे लावायला ५ सेकंदांचा टॅग करून द्यायचा: गायिकेच्याच आवाजात, ‘ओटी चित्रपटातलं हे गाणं’. खरेदीच्या बोलणीत स्पॉटच्या सेकंदांपेक्षा या टॅगसाठी अधिक घासाघीस करावी.

वेळापत्रक

तेच २,४०० सेकंद नव्यानं वाटले:

२० ते २४ ऑक्टोबर, ४० सेकंदांचा स्पॉट, रोज ४ वेळा: ८०० सेकंद.
२५ ते २८ ऑक्टोबर, २० सेकंदांचा, रोज ९ वेळा: ७२० सेकंद.
२९ ऑक्टोबर ते १ नोव्हेंबर, १० सेकंदांचा, रोज १४ वेळा: ५६० सेकंद.
२ ते ५ नोव्हेंबर, १० सेकंदांचा, रोज ८ वेळा: ३२० सेकंद.

स्पॉट ८०वरून १४४ झाले, सेकंद तेवढेच. मूळ बेतात प्रदर्शनानंतर एक सेकंदही नव्हता, आणि हे जुन्या सवयीचं भूत आहे. चित्रपट एकाच चित्रपटगृहात आठवडेच्या आठवडे चालायचा तेव्हा प्रदर्शनाआधी गोष्ट सांगून ठेवली की पुरे व्हायचं. आता पहिले तीन दिवस पुढचे खेळ ठरवतात, आणि ‘लागला आहे’ हे सांगणं ‘लागणार आहे’ इतकंच गरजेचं झालं आहे.

४० सेकंदांचे स्पॉट सकाळी ८ ते ११च्या गर्दीत ठेवण्याचा आग्रह नको. त्या वेळी ब्रेक लांब असतो आणि गोष्ट ऐकण्याची मनःस्थिती नसते. दुपार आणि रात्री ९नंतरचा वेळ स्वस्तही असतो आणि गोष्टीला बराही. १० सेकंदांचे मात्र सकाळ-संध्याकाळच्या गर्दीतच. रिलीज ऑर्डरमध्ये, म्हणजे केंद्राला दिलेल्या जाहिरातीच्या लेखी मागणीत, तीन ओळी लिहून घ्याव्यात: ब्रेकमध्ये पहिला किंवा शेवटचा क्रमांक (निदान निम्म्या स्पॉटना), त्याच ब्रेकमध्ये दुसऱ्या चित्रपटाचा स्पॉट नको, आणि एका तासात दोनपेक्षा जास्त नकोत. नाहीतर दुपारी वाजवायचे राहिलेले स्पॉट रात्री साडेअकराला एकापाठोपाठ एक वाजवून दिवसाचा आकडा पूर्ण केला जातो.

आरजेच्या तोंडून उल्लेख हा जुन्या निवेदकाचा वारसा म्हणून विकला जातो. तो अर्धाच वारसा आहे. १५ मिनिटांच्या प्रोग्रामचा निवेदक चित्रपटासाठी बोलायचा; आरजे स्वतःच्या कार्यक्रमासाठी बोलतो आणि त्यात चित्रपट येतो. तेही उपयोगी आहे, कारण ऐकणाऱ्याचा त्याच्यावर विश्वास असतो. पण त्याला लिहिलेली संहिता देऊ नये. वाचून दाखवलेलं लगेच ओळखू येतं. एका चिठ्ठीवर तीन गोष्टी पुरेत: ओटी म्हणजे खणानारळाची, शुक्रवार, चित्रपटगृह. सोबत ऐकणाऱ्यांना विचारायला एक प्रश्न: ‘तुमच्या घरात कुणाची ट्रंक अजून कुणी उघडलेली नाही?’ असा. ओटीटीची कोटी तो करेलच. नको म्हणून तोंडी सांगून ठेवायचं, एवढंच.

हवेत गेल्यावर

सर्वांत जास्त चुका इथे होतात आणि सर्वांत कमी लक्षही इथेच असतं. नेहमीची चूक: ‘उद्यापासून’ म्हणणारा स्पॉट शनिवारीही वाजत राहतो. केंद्राच्या ट्रॅफिक विभागाकडे, म्हणजे जाहिरातींचं वेळापत्रक लावणाऱ्यांकडे, रोज ढीगभर फाइली येतात. ‘ओटी फायनल’, ‘ओटी फायनल नवा’ अशी नावं दिली तर दोष त्यांचा नाही. फाइलच्या नावातच लांबी आणि मुदत असावी: ‘ओटी १० सेकंद, उद्यापासून, फक्त २९ ऑक्टोबर’. त्याहून बरं म्हणजे ‘उद्या’ हा शब्द टाळून वारच सांगावा. एका दिवसाच्या चुरचुरीतपणासाठी सहा केंद्रांवर जोखीम घेण्यात शहाणपण नाही.

प्रत्येक शहरात एका माणसाला पहिल्या दोन दिवशी सकाळचे तीन आणि संध्याकाळचे तीन तास ध्वनिमुद्रण करायला बसवावं. ते केंद्राच्या लॉगशी ताडून पाहायचं: स्पॉट वाजला का, पूर्ण वाजला का, कोणती प्रत वाजली, शेजारी कोण होतं. न वाजलेल्या स्पॉटच्या बदल्यात केंद्र दुसरी वेळ देतं, पण ती मागावी लागते आणि प्रदर्शनाच्या आधी मागावी लागते. १५ तारखेला मिळालेल्या भरपाईच्या सेकंदांचं ‘ओटी’ काय करणार?

किती जणांनी ऐकलं, हा प्रश्न निर्माता विचारेलच. टॅम या प्रेक्षक मोजणाऱ्या कंपनीनं २००७ साली सुरू केलेलं रॅम हे श्रोत्यांचं मोजमाप डायरी पद्धतीचं होतं आणि मुंबई, दिल्ली, बंगळुरू, कोलकाता या चारच शहरांसाठी. पुणे, नाशिक, कोल्हापूर त्यात नव्हतंच. त्यामुळे स्वतःची मोजपट्टी तयार ठेवावी. प्रत्येक केंद्राला तिकीट-स्पर्धेसाठी वेगळा शब्द द्यायचा: एकाला ‘खण’, दुसऱ्याला ‘नारळ’, तिसऱ्याला ‘ट्रंक’. कुठल्या शब्दाचे किती संदेश आले यावरून केंद्रांची आपसात तुलना होते. तिकीट विक्रीचा अंदाज त्यातून काढू नये. फुकट तिकिटासाठी संदेश करणारे आणि तिकीट काढणारे वेगळे असतात.

१ नोव्हेंबरच्या रविवारी दुपारपर्यंत कल दिसतो. त्या संध्याकाळसाठी १० सेकंदांच्या दोन प्रती आधीच ध्वनिमुद्रित करून ठेवायच्या. एक, गर्दी झाली तर: प्रेक्षकांचे दोन खरे अभिप्राय आणि नाव. ते चित्रपटगृहाबाहेर शनिवारी घ्यायचे, बोलणाऱ्याची लेखी परवानगी घेऊन. दुसरी, गर्दी नसेल तर: पुन्हा ती ट्रंक, ‘खणानारळाची ओटी’, आणि ‘याच आठवड्यात’. खेळांच्या वेळा स्पॉटमध्ये घालू नयेत, त्या दर शुक्रवारी बदलतात आणि कधी मधल्या वारीही. टेपच्या काळात अशी ऐनवेळची प्रत करायची तर ब्लेड, चिकटपट्टी आणि टेप पोचवणारा माणूस लागे. आता फाइल दोन मिनिटांत जाते, पण रविवारी संध्याकाळी ती उघडून वेळापत्रकात टाकणारा माणूस केंद्रात असतो का, हे शुक्रवारीच फोन करून विचारून ठेवायचं.